टॅम्झिनच्या धाकट्या बहिणीचं नाव: जरा सविस्तरच सांगते

अगं, तुझा प्रश्न काल रात्री वाचला आणि आज सकाळी चहा घेताना पण तोच डोक्यात होता म्हणून बसून नीट लिहितीये. वयाने मी तुझ्यापेक्षा बरीच मोठी असणार त्यामुळे सरळ अगंतुगं करते, चालेल ना. बाकीच्यांसाठी प्रश्न थोडक्यात सांगते: ही ब्रिस्टलमध्ये राहते, माहेर साताऱ्याचं, नवरा कॉर्नवॉलचा (इंग्लंडचं नैर्ऋत्य टोक), आडनाव तिकडचं टिपिकल पेन-ने सुरू होणारं, मोठी मुलगी टॅम्झिन चार वर्षांची आणि आता तीन महिन्यांनी धाकटी येतीये. नाव ब्रिटिश वळणाचंच हवंय पण वर्गात तीन-तीन जणी त्याच नावाच्या असतील असं नको, टॅम्झिनच्या शेजारी शोभलं पाहिजे आणि साताऱ्याला आईला नीट म्हणता आलं पाहिजे. यादीत आहेत आय्ला, डेमेल्झा, लोवेना, ब्रायनी, रोझमंड, ईडी आणि लव्हडे, शिवाय पुण्याच्या मावशीने मायरा सुचवलंय "ते पण इंग्लिशच आहे ना" म्हणून.

मी इंग्लंडमध्ये एका कौन्सिलच्या रजिस्ट्रेशन ऑफिसात सोळा वर्षं जन्माच्या नोंदी केल्यात. म्हणजे आईबाप बाळाला कारसीटमध्ये घालून समोर येऊन बसतात, मी विचारते नाव काय, टाइप करते, स्क्रीन वळवून स्पेलिंग दाखवते, मग सही. हजारो नावं अशी माझ्या हाताखालून गेलीत आणि मोठं भावंड सोबत आलेलं असलं की मी त्याला हमखास विचारायचे, बाळाचं नाव काय गं? तेव्हा जे ऐकलं त्यावरून माझी काही मतं पक्की झालीत, तीच सांगते.

आधी टॅम्झिनबद्दल, कारण जोडीचा विचार मोठीपासून सुरू करायचा असतो आणि लोक नेमकं तेच विसरतात, धाकटीच्या याद्या करत बसतात. टॅम्झिन हे थॉमसचं स्त्रीलिंगी जे थॉमसिना, त्याचं कॉर्नवॉलमध्ये रोजच्या वापरात घासून गुळगुळीत झालेलं रूप. आणि थॉमसचा मूळ अरामी अर्थ माहितीये का, जुळा! म्हणजे तुझ्या मोठीच्या नावातच आधीपासून एक जोडीदार गृहीत आहे, मला हे फार गोड वाटतं. तर या नावाचं पोत बघ. दोन अक्षरी, पहिल्यावर जोर, शेवट न् वर बंद होणारा. जुनं आहे पण राजवाड्यातलं नाही, चर्चच्या रजिस्टरातलं, शेतावरचं, खलाशांच्या घरातलं. आणि बाहेरच्याला ते कळतं, स्पेलिंग एकदा सांगितलं की पुन्हा विचारत नाहीत. धाकटीला याच मागावरचं नाव हवं, रंग वेगळा असला तरी चालेल.

आपल्याकडे जोडी म्हणजे यमक असं डोक्यात बसलेलं असतं, अमित-सुमित, सीमा-रीमा, नेहा-स्नेहा. ऐकायला छान वाटतं पण घरात रोज हाक मारताना "आई मला म्हणालीस की तिला" सुरू होतं. टॅम्झिनला जॅझ्मिन आणलीस तर हेच होणार, आणि ट वरून दुसरं नाव घेतलंस, टेगन वगैरे, तर दोघी "मिस टी" होतात, डेंटिस्टचं पत्र आलं की कोणाचं ते पाकीट फोडल्याशिवाय कळत नाही. आतला आवाज पण बघ, दोन्ही न् वर संपणारी नावं (टॅम्झिन आणि मेरिन, टॅम्झिन आणि इमोजेन) एका दमात म्हटली की एकमेकांत विरघळतात. मोठी बंद अक्षराने संपते तर धाकटी आ ने किंवा ई ने संपू दे, हाक लांबवर जाते.

दुसरा सापळा थीमचा. माझ्यासमोर एक कुटुंब आलं होतं, मोठी रेन म्हणजे तो छोटा पक्षी, धाकटा रॉबिन, मोठीने मला स्वतः सांगितलं आम्ही दोघं पक्षी आहोत, इतकी खूश होती. दोनेक वर्षांनी तिसरं बाळ घेऊन परत आले तर आईबापांचे चेहरे उतरलेले, कारण घरातल्या कोणाला न आवडणारं एक पक्ष्याचं नाव फक्त थीम मोडू नये म्हणून ठेवायला निघाले होते. मी काही बोलू शकत नव्हते, तिथे मत द्यायचं नसतं, नाव लिहायचं असतं. पण लक्षात राहिलं.

आणि थीम एक असली तरी जोडी जमतेच असं नाही हे बघायचं असेल तर नाइटिंगेल बहिणी बघ. आईबाप इटलीत फिरत होते, मोठी १८१९ मध्ये नेपल्सला झाली म्हणून त्या शहराचं जुनं ग्रीक नाव तिला दिलं, पार्थेनोपी. धाकटी १८२० मध्ये फ्लॉरेन्सला झाली म्हणून फ्लॉरेन्स. युक्ती तीच, शहरावरून नाव, तेव्हा मुलीसाठी फ्लॉरेन्स पण ऐकिवात नसल्यासारखंच होतं. पण एक नाव कुठल्याही घरात जाऊन बसेल असं होतं, दुसरं नव्हतं. पुढे फ्लॉरेन्सच्या कीर्तीमुळे तिच्या नावाच्या मुली जगभर झाल्या हे खरं, पण कीर्ती बाजूला ठेवली तरी पार्थेनोपी ओझ्याचंच नाव आहे, घरच्यांनीच तिचं पार्थी करून टाकलं होतं. बहिणींची नावं वजनाला सारखी पाहिजेत असं मी म्हणते ते यासाठी.

आता तुझी यादी घेते.

रोझमंड मला स्वतःला फार आवडतं, पण टॅम्झिनच्या शेजारी नाही. ते नॉर्मन सरदारांच्या वळणाचं, दुसऱ्या हेन्रीची प्रेयसी रोझमंड क्लिफर्ड बाराव्या शतकातली, ते नाव मखमलीत वाढलंय आणि टॅम्झिन चिखलातल्या गमबुटांत. आपल्याकडे एकीचं नाव सई आणि दुसरीचं राजराजेश्वरी ठेवावं तसं होईल, आणि मग सईला आयुष्यभर वाटत राहतं की माझ्या वेळेला तुम्ही विचारच केला नाही.

आय्ला. स्कॉटलंडच्या पश्चिमेला जे आय्ला बेट आहे त्याच्यावरून आलेलं, स्पेलिंगमधला एस बोलायचा नाही. अर्थ छान, आवाज छान, पण पहिलं म्हणजे ते वेगळं अजिबात नाहीये, इंग्लंड-वेल्सच्या २०२३ च्या यादीत मुलींमध्ये तिसऱ्या नंबरवर होतं. आणि दुसरं तुला माहितीच आहे, तू लिहिलं नाहीस तरी. माझ्या ऑफिसात एकदा मुलगा मराठी, सून इंग्लिश आणि सोबत नाशिकहून आलेल्या आजी असे आले होते. मी नाव विचारलं, सून म्हणाली आय्ला. आजी बाळाचं टोपडं नीट करत होत्या, त्यांचा हात तिथेच थांबला, मग हळूच माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "हे खरंच नाव असतं का हो इकडे?" मी म्हटलं हो असतं, खूप असतं, आणि मान खाली घालून टाइप केलं. त्या घराने नाव बदललं नाही, तो त्यांचा हक्क. पण नातीला हाक मारायची म्हणजे दर वेळी तोंडातून आयला निघणार हे त्या बाईंच्या चेहऱ्यावर मला दिसलं होतं, म्हणून सांगते.

त्याच कारणासाठी लव्हडे पण काढून टाक. खूप वाईट वाटतंय लिहिताना कारण नाव इतकं सुंदर आहे, मध्ययुगात भांडणं समेटाने मिटवायचा जो दिवस ठरवायचे त्याला लव्हडे म्हणायचे आणि त्या दिवशी झालेल्या मुलीला ते नाव द्यायचे, बाकी इंग्लंडमधून ते गेलं पण कॉर्नवॉलने जपलं. टॅम्झिनला याच्याइतकं शोभणारं नाव शोधून सापडणार नाही. पण एकदा ते साताऱ्याच्या एसटी स्टँडवर मोठ्याने हाक मारल्यासारखं म्हणून बघ आणि काय ऐकू येतं ते तूच ठरव, मी इथे लिहू शकत नाही. नवऱ्याला समजावून सांग, एकदा सांगितलं की पटतं.

ईडी म्हणजे ईडिथचं लाडाचं रूप. ईडिथ हजार वर्षांपेक्षा जुनं, अँग्लो-सॅक्सन, त्यात संपत्ती आणि लढाई असे दोन शब्द जोडलेत. ईडिथ ठेवलंस तर मी हो म्हणेन पण नुसतं ईडी नको, आपल्याकडे रोजच्या बातम्यांत ईडीची धाड चालू असते. असंच हॅरिएटचं हॅटी करतात, आपल्याकडे तिचा पहिल्याच सुट्टीत हत्ती होतो. लाडाचं रूप आधी तपासायचं, कारण मूल मोठं होईपर्यंत तेच नाव चालतं.

ब्रायनी ही इथल्या कुंपणांवर चढणारी वेल, लाल फळं, दिसायला देखणी पण विषारी. विषाचं मला काही वाटत नाही, करंज्याच्या बिया काय आपण खातो का, तरी नाव चांगलंच. पण ब्रायनीची बिर्याणी इंग्लंडमधल्याच शाळेत होते, साताऱ्यापर्यंत जायची गरज नाही, आणि तुझी मुलगी अर्धी भारतीय म्हटल्यावर ती चेष्टा तिला जास्त टोचेल.

मावशीच्या मायराबद्दल मात्र जरा थांबून सांगते कारण हे भारतातल्या लोकांना खरंच ठाऊक नसतं. मायरा एलिझाबेथच्या काळातल्या फुल्क ग्रेव्हिल या कवीच्या कवितांतून आलेलं नाव, इतकं इंग्लिश. पण १९६६ मध्ये मायरा हिंडली या बाईला लहान मुलांच्या खुनांसाठी जन्मठेप झाली आणि तेव्हापासून इथे ते नाव ठेवायला लोक धजावत नाहीत. भारतात आता सोसायटी-सोसायटीत मायरा आहे, तिथे त्याचा काही संबंध नाही, ते गोडच आहे. पण तुझ्या सासूबाईंच्या पिढीने त्या बातम्या टीव्हीवर बघितल्यात, त्यांच्या तोंडावरचा रंग उडेल आणि सुनेला दुखवायला नको म्हणून त्या गप्प बसतील. हे मावशीला शांतपणे सांग.

राहिली डेमेल्झा आणि लोवेना. डेमेल्झा मुळात कॉर्नवॉलमधल्या एका वाडीचं नाव, मुलीला ते चिकटलं १९४६ नंतर, पोलडार्क कादंबऱ्यांमुळे आणि पुढे त्यांवरच्या टीव्ही मालिकांमुळे, आणि गेल्या मालिकेपासून तर कोणालाही सांगितलं की पहिला प्रश्न त्या मालिकेचाच येतो. टॅम्झिनला कोणी असं काही विचारत नाही ना? मग एकीच्या नावामागे कायम एक नटी उभी आणि दुसरीच्या मागे कोणी नाही, हा तोल मला जमत नाही. लोवेना म्हणजे कॉर्निशमध्ये, कॉर्नवॉलच्या जुन्या भाषेत, आनंद. तसंच केरेन्झा म्हणजे प्रेम, एलोवेन म्हणजे एल्मचं झाड. ही भाषा घराघरांतून अठराव्या शतकाच्या शेवटाला संपत आली होती, १९०४ मध्ये हेन्री जेनरने तिचं शिकायचं पुस्तक काढलं आणि लोक परत शिकायला लागले, मग भाषेतले शब्द उचलून मुलींना नावं देऊ लागले, आपण ओवी किंवा कविता ठेवतो तसं. त्यात कमीपणा काही नाही. फक्त एवढं लक्षात घे की टॅम्झिन हे वापरून वापरून झालेलं नाव आहे आणि लोवेना हे शब्दकोशातून वर आलेलं. तरी तुझ्या यादीतलं माझं पहिलं लोवेनाच, अर्थामुळे पण आणि आ वर संपतं म्हणून पण. एलोवेनकडे मात्र जाऊ नकोस, ते आता खूप ऐकू येतंय.

वेगळेपणाचं म्हणशील तर सरकारी आकडेवारीचं ऑफिस, ओएनएस, दर वर्षी इंग्लंड-वेल्समधल्या सगळ्या नावांची यादी काढतं, तीन किंवा जास्त बाळांना दिलेलं प्रत्येक नाव त्यात असतं. पण दोन गोष्टी सांभाळ. एक म्हणजे तिथे प्रत्येक स्पेलिंग वेगळं मोजतात, त्यामुळे एखादं नाव खाली दिसलं तरी त्याची चार स्पेलिंगं मिळून ते वर जाऊ शकतं, सगळी शोधून बेरीज कर. दुसरं, यादी सगळ्या देशाची असते आणि मूल एका नर्सरीत जातं. लोवेना ब्रिस्टलला दुर्मिळ आहे पण तिकडे कॉर्नवॉलमधल्या ट्रूरोला सासरी गेलात की बीचवर दोन लोवेना सापडतील. तुम्हाला कुठे राहायचंय ते बघून ठरव.

आता जे नाव तुझ्या यादीत नाहीये आणि मला ते नसल्याचं आश्चर्य वाटलं ते सांगते. मॉर्वेना.

कॉर्नवॉलच्या उत्तर टोकाला कड्यांवर मॉर्वेन्स्टो नावाचं गाव आहे ते या संत मॉर्वेनाचं. तिकडची जुनी कथा अशी की वेल्समधला एक राजा होता ब्रीखन, त्याला खूप मुलं, त्यातल्या कित्येक मुली समुद्र ओलांडून कॉर्नवॉलला आल्या आणि एकेकीने एकेक ठिकाणी चर्च मांडलं. मॉर्वेना, एन्डेलियन, मिनव्हर, मेबिन, वेन्ना. या बहिणींची नावं आजही त्या गावांना आहेत, नकाशावर बोट ठेवून मुलींना दाखवता येतात. एन्डेलियन तर डेव्हिड कॅमेरून पंतप्रधान असताना २०१० मध्ये कॉर्नवॉलला सुट्टीवर असतानाच मुलगी झाली, तिच्या नावात घातलं, फ्लॉरेन्स रोझ एन्डेलियन. म्हणजे ही नावं टॅम्झिनसारखीच, जुनी आणि मातीतली, कोणी कादंबरीसाठी घडवलेली नाहीत. मॉर्वेना तीन अक्षरी, जोर मधल्यावर, शेवट मोकळा, टॅम्झिन आणि मॉर्वेना म्हणून बघ, एक टिचकी आणि एक लाट. तुमच्या पेन- आडनावाला तर लागूनच येतं, तिकडे जुनी म्हणच आहे की ट्रे, पोल आणि पेन वरून कॉर्निश माणूस ओळखावा.

आणि साताऱ्याचं बघ. मॉर्वेनाचं घरात काय होईल? वेन्ना. लोवेनाचं सुद्धा वेन्नाच. तू साताऱ्याची, महाबळेश्वरावरून उतरून माहुलीला कृष्णेला मिळणारी वेण्णा तुला मी काय सांगायची! तुझी आई पहिल्या दिवशी ते नाव ण ने म्हणेल आणि कोणाला वाटणारही नाही की ते परकं आहे. नवऱ्याच्या गावाची संत आणि तुझ्या गावाची नदी, दोन्ही एका हाकेत. नाव पूर्ण घेतलं तरी सुरुवातीला आजीला मोर ऐकू येणार, कॉर्निशमध्ये मोर म्हणजे समुद्र. मी सोळा वर्षांत मिश्र घरांची पुष्कळ नावं लिहिली, दोन्हीकडून इतकं सरळ बसणारं फार थोड्यांना मिळालं. आपल्या व मध्ये इथले दोन वेगळे उच्चार येतात त्यामुळे तिकडे कोणी स्पेलिंग व्ही ने लिहील, तेवढं पासपोर्ट आणि ओसीआयच्या फॉर्मवर स्वतः तपासायचं, दोन्हीकडे एकच पाहिजे.

मधल्या नावात आईचं किंवा सासूबाईंचं नाव घाल, पण टॅम्झिनला मधलं नाव मराठी असेल तर हिला पण मराठीच दे. एकीला आजी मिळाली आणि दुसरीला नाही हे मुली दहा-अकरा वर्षांच्या झाल्या की काढतातच.

ठरवायची घाई करू नकोस. इंग्लंडमध्ये नोंद ४२ दिवसांत करायची असते, स्कॉटलंडला २१. तू बाराव्या दिवशी बारसं करणारच असशील, तर नाव तेव्हा ठेव आणि नोंदीची अपॉइंटमेंट चौथ्या-पाचव्या आठवड्यातली घे, म्हणजे मधले दोन-तीन आठवडे नाव वापरून बघता येतं. रात्री तीन वाजता दूध पाजताना ते नाव तोंडात येतंय का, दारातून दोघींना एकदम हाक मारली तर कसं वाटतं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे टॅम्झिन काय म्हणते. त्या नावाने सगळ्यात जास्त वर्षं हाक तीच मारणार आहे, तुझ्यानंतरसुद्धा. तिला दोन-तीन नावं सांगून मत विचारू नकोस, चार वर्षांचं मूल एल्सा म्हणेल, नुसतं एक नाव घरात वापरायला लाग आणि ती ते आपणहून उचलते का बघ. नोंदीनंतर १२ महिन्यांच्या आत नाव एकदा बदलून घेता येतं पण आधीचं पुसलं जात नाही, रजिस्टरात नवं नाव वेगळ्या रकान्यात येतं आणि जुनं तसंच राहतं, त्यामुळे त्या भरवशावर सही करू नको. स्क्रीन दाखवतील तेव्हा एकेक अक्षर बोट ठेवून वाच, रात्रभर न झोपलेल्या आईबापांच्या हातून तिथेच चुका होतात.

बारशाला कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणजे तुमच्याकडे नवऱ्याच्या बहिणीचा. तिला आधी व्हिडिओ कॉलवर कुर्र्र शिकवून ठेव. कॉर्नवॉलची जुन्या वळणाची माणसं र लंडनवाल्यांसारखा गिळत नाहीत, तिला जमेल, आणि मॉर्वेनातला र पण बाळाला नीट ऐकू येईल.